कीलाकार लेखाची भाषा कशी ओळखावी

मेसोपोटेमियातील (आजच्या इराकच्या परिसरातील) राजलेख आणि कायदेलेख वाचू इच्छिणाऱ्याने आधी भाषेचा प्रश्न सोडवावा, कारण एकाच कीलाकार (पाचरीच्या आकाराच्या खुणांच्या) लिपीत दोन अगदी वेगळ्या भाषा लिहिल्या जात: सुमेरी, जिचे कोणत्याही ज्ञात भाषेशी नाते सिद्ध झालेले नाही, आणि अक्कादी, जी अरबी व हिब्रू यांच्याप्रमाणे सेमिटिक कुळातील आहे.

सुरुवात उर या प्राचीन शहरातील विटांवर उमटवलेल्या उर-नम्मू राजाच्या (इ.स.पू. सुमारे २१००) लेखापासून करावी. त्याचा मुख्य भाग असा आहे: 'नन्ना, लुगल-अनि, उर-नम्मू, लुगल उरिम-मा-के, ए-अनि मु-ना-दू', म्हणजे 'आपला स्वामी नन्ना याच्यासाठी उरचा राजा उर-नम्मू याने त्याचे मंदिर बांधले' (नन्ना हा चंद्रदेव). प्रथम शेवटचे क्रियापद पकडावे. त्यातील 'दू' म्हणजे बांधणे आणि 'ना' म्हणजे त्याच्यासाठी. नन्नाच्या नावाला चतुर्थीचा प्रत्यय लिहिलेला नसला तरी मंदिर कोणासाठी बांधले हे या 'ना'वरून कळते. मग 'के' सोडवावा: त्यात षष्ठीच्या 'अक'चा शेष आणि कर्त्याचा 'ए' एकत्र आले आहेत. हा 'ए' सकर्मक क्रियेच्या कर्त्याला लागतो, त्यामुळे 'रामाने घर बांधले' असे सहज म्हणणाऱ्या मराठी वाचकाला ही रचना चटकन उमगते.

कायदेलेखांत कलमाचा पहिला शब्द पाहावा. उर-नम्मूच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संहितेत 'जर' या अर्थी सुमेरी 'तुकुम्बी' येतो, तर पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातील बॅबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या कायद्यांच्या स्तंभावर अक्कादी 'शुम्मा'.

राजाच्या नावावर मात्र विसंबू नये. इसिन शहराचा राजा लिपित-इश्तार याचे नाव सेमिटिक असूनही त्याचे कायदे सुमेरीत आहेत. 'लुगल' (राजा, स्वामी) हे चिन्हही पुरावा ठरत नाही, कारण अक्कादी लेखनिक तेच चिन्ह लिहून 'शर्रुम' वाचत. क्रियापद शेवटी येणे हीसुद्धा खूण नव्हे, कारण बहुधा सुमेरीच्या सहवासामुळे अक्कादीनेही ती सवय उचलली होती. माझ्या मते सर्वांत भरवशाची खूण म्हणजे संबंध दाखवणाऱ्या शब्दांची जागा: अक्कादीत 'इना' (मध्ये) आणि 'अना' (कडे, साठी) नामाच्या आधी येतात, तर सुमेरीत प्रत्यय नामाच्या मागून लागतात.

सरावासाठी क्युनिफॉर्म डिजिटल लायब्ररी इनिशिएटिव्हच्या संग्रहातील छायाचित्रे व लिप्यंतरे वापरावीत, आणि भाषांतर असल्यास ते झाकून आधी स्वतः प्रत्यय वेगळे करावेत.