बोल्ट ८.८ चा, तरी जोड कमकुवत? या चुका टाळा

बेळगावचं उद्यमबाग असो की मच्छे, फॅब्रिकेशनच्या गाळ्यात जोडाचा हिशेब एका ओळीत उरकतात: "एका बोल्टाला एवढा लोड, मग इतके बोल्ट मारा." बोल्ट तुटायच्या आधी प्लेट फाटू शकते, ते त्या ओळीत येतच नाही.

सुरुवातीला मीही एक चूक करायचो. एम२०, म्हणजे २० मिमी व्यासाच्या बोल्टाचं क्षेत्रफळ सरळ ३१४ चौ. मिमी धरायचो. शिअर, म्हणजे बोल्ट आडवा कापणारा जोर, आट्यांवर येत असेल तर २४५ च धरायचं. आयएस ८००:२००७ या स्टील बांधकामाच्या भारतीय मानकाप्रमाणे ४.६ ग्रेडचा बोल्ट सिंगल शिअरमध्ये (एकाच जागी कापला जाताना) ४५ किलोन्यूटन घेतो. ३१४ धरलं की कागदावर ५८ दिसतात. वरचे १३ नुसते हवेतले.

ताकद कमी पडली की लगेच ८.८ ग्रेडचे, जास्त ताकदीचे बोल्ट मागवतात. शिअर ९० होतो, खरं आहे. पण गसेट (जोडाची प्लेट) ६ मिमीचं, भोक २२ चं आणि टोकापासून अंतर ४० असेल, तर बेअरिंगचा (बोल्ट भोकाच्या कडेवर दाबतो, त्याचा) गुणक ४० भागिले ६६ (भोकाच्या तिप्पट), म्हणजे ०.६०६. मग २.५ × ०.६०६ × २० × ६ × ४१० (प्लेटची ताकद) ÷ १.२५ (सुरक्षा गुणक) केलं की येतात जेमतेम ६० किलोन्यूटन. जोड तेवढ्याचाच! महाग बोल्टाऐवजी गसेट ८ मिमीचं घ्या, ७९ मिळतात. टोकाचं अंतर वाढवणार असाल तर पिचही, म्हणजे दोन बोल्टांमधलं अंतरही बघा. ६० च्या पिचला गुणक ०.६५९ वर अडतो.

५० च्या अँगलला एम२० नकोच. भोक मधोमध पाडलं तरी कडेला २५ मिमी उरतात, लागतात ३३. ७५ चा घ्या, आणि ताणातल्या अँगलचं क्षेत्रफळ भोक वजा करून धरा. ब्लॉक शिअरही, म्हणजे बोल्टांभोवतीचा तुकडाच फाटून निघेल का तेही, तपासा.

सगळ्यात घातक चूक साइटवर होते. खानापूर बाजूच्या एका शेडवर पाऊस तोंडावर आलेला, भोकं जुळेनात. मिस्त्रींनी गॅस कटरने भोक लांबवलं आणि वर मोठा वॉशर ठेवला. मी म्हटलं, "मामा, वॉशर जरा काढा बघू." खाली काळपट, वेडंवाकडं लंबगोल भोक, आणि टोकाला जेमतेम २५ मिमी. हाताने गॅसवर कापलेल्या कडेला भोकाच्या १.७ पट अंतर लागतं, म्हणजे ३७.४. गसेट उतरवून नवीन केलं.

भोक थोडंसंच सरकलं असेल तर रीमर (भोक मोठं करायचं हत्यार) फिरवा, एम२० ला २४ मिमीपर्यंतच. मग बेअरिंगला ०.७ ने गुणा आणि बोल्ट पुन्हा मोजा.