क्रूझच्या आदल्या रात्रीच बंदराच्या गावात पोहोचा

जहाज कोणासाठी थांबत नाही. चेक-इन बहुधा सुटण्याच्या तास-दीड तास आधीच बंद होतं, त्यामुळे त्याच दिवशी सकाळच्या विमानानं पोहोचायचा बेत मला तरी धोक्याचा वाटतो. एक रात्र आधी मुक्काम कराच.

हॉटेल निवडताना खोलीच्या भाड्याआधी दोन गोष्टी विचारा: गाडी क्रूझभर ठेवता येईल का, आणि बंदरापर्यंत शटल आहे का. बरीच हॉटेलं मुक्काम आणि पार्किंग एकत्र देतात. मात्र शटलची जागा आधी राखून ठेवावी लागते का आणि परतीलाही ती मिळते का, हे लेखी घ्या. बंदराच्या पार्किंगशी तुलना करताना दिवस नीट मोजा. ७ रात्रींच्या क्रूझला अनेक ठिकाणी ८ दिवसांचे पैसे लागतात.

विमानतळ ते बंदर टॅक्सी करणार असाल तर टर्मिनलचा क्रमांक हाताशी ठेवा, मोठ्या बंदरांत टर्मिनलं दूरदूर असतात. परतीचं विमान दुपारनंतरचंच घ्या. आणि हो, पासपोर्ट व औषधं हातातल्या बॅगेत; मोठ्या बॅगा केबिनमध्ये कधीकधी संध्याकाळीच येतात.