कढीपत्त्याच्या कुंडीतली कीटकशाळा: मुलांसाठी थेट ऑनलाइन सत्रं कशी घ्यावीत

मुलांना कीटक शिकवायचे तर पडद्यावर शंभर कीटकांची चित्रं फिरवण्यापेक्षा एकाच कीटकाला महिनाभर पाहायला लावणं कितीतरी मोलाचं. कुठे बघायचं आणि काय मोजायचं एवढं दाखवून मुलाला परत कुंडीकडे पाठवायचं, हेच ऑनलाइन सत्राचं काम. पडद्यावरची ४० मिनिटं ही नुसती तयारी. शिकणं होतं ते मधल्या सहा दिवसांत, रोज पाच-पाच मिनिटं बघताना.

त्यासाठी महाराष्ट्रात कढीपत्त्याइतकं सोयीचं झाड नाही. ते गॅलरीतल्या कुंडीतही असतं आणि सोसायटीच्या कुंपणाशीही. लाइम बटरफ्लाय म्हणजे लिंबावरचं फुलपाखरू आणि कॉमन मॉर्मन ही दोन्ही फुलपाखरं त्यावर अंडी घालतात. पावसाळ्यात आणि त्यानंतर, ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये, कोवळे धुमारे भरपूर असतात तेव्हा अंडी सापडण्याची शक्यता सर्वांत जास्त. अंड्यातून अळी यायला ३-४ दिवस, अळी कोषात जायला साधारण दोन आठवडे, कोषातून फुलपाखरू यायला ८ ते १० दिवस. थंडीत हे सगळं लांबतं. म्हणजे पाच रविवारांची पाच सत्रं धरा आणि शेवटचं सत्र तारखेला बांधू नका, कारण कोष कॅलेंडर बघत नाही.

गट १० ते १२ मुलांचा ठेवा. ६ ते ९ वर्षांचा एक, १० ते १३ वर्षांचा दुसरा. दोन्ही वयं एकत्र केली की मोठी मुलं पटापट उत्तरं देतात आणि लहानगी बघायचंच सोडून देतात. झूमच्या फुकट खात्यावर गटाची बैठक ४० मिनिटांत बंद पडते, गूगल मीटवर ६० मिनिटं मिळतात. पण मुलांच्या डोळ्यांना ४० मिनिटं पुरेशीच आहेत. परदेशातली मराठी मुलं असतील तर भारतात रविवारी संध्याकाळी ७ ची वेळ बरी पडते: तेव्हा दुबईत साडेपाच वाजलेले असतात, उन्हाळी वेळ चालू असेल तर लंडनमध्ये दुपारचे अडीच आणि न्यूयॉर्कमध्ये सकाळचे साडेनऊ. संध्याकाळी फुलपाखरू निवांत बसून असतं, पण अळी दिव्याखालीही पाला खाते, त्यामुळे दाखवायला काही उणं पडत नाही.

कॅमेऱ्याची मांडणी

लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासमोर अळी धरली तर मुलांना एक हिरवा डाग दिसतो. म्हणून लॅपटॉप तुमच्या चेहऱ्यासाठी ठेवा आणि फोन कीटकासाठी. फोनवरून त्याच बैठकीत दुसरा सदस्य म्हणून शिरा. फोनचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद हवेत. एकही चालू राहिला तर आवाज गोल फिरून कर्कश शीळ घुमते आणि पहिली पाच मिनिटं त्यातच जातात. मग फोनचं चित्र सगळ्यांच्या पडद्यावर मोठं करून ठेवा. नाहीतर जो बोलेल त्याचा चेहरा मोठा होतो आणि अळी कोपऱ्यात जाते.

स्टँड विकत घ्यायला नको. स्वयंपाकघरातले दोन सारख्या उंचीचे उंच डबे, त्यांच्यावर आडव्या दोन लाकडी पट्ट्या आणि पट्ट्यांवर फोन पालथा, लेन्स मधल्या फटीवर. पान किंवा हात दाखवायला २० ते २५ सेंमी उंची ठीक. अळीचं डोकं दाखवायचं तर फोनला क्लिपचं भिंग लावा. मात्र ते लेन्सपासून जेमतेम २ ते ४ सेंमीवरच स्पष्ट दाखवतं, तेव्हा फोन खाली आणण्याऐवजी कीटक उचलून वर घ्या. फांदीचा तुकडा अर्ध्या बटाट्यात टोचला की अळीला हात न लावता बटाटा गोल फिरवून तिच्या सगळ्या बाजू दाखवता येतात. दर वेळी मिलिमीटरची पट्टी चौकटीत असू द्या. नाहीतर मोठ्या पडद्यावर पाहणाऱ्या मुलाला ४ सेंमीची अळी हाताएवढी वाटते.

उजेड बाजूने आणि तिरका द्या, वरून नको. एलईडी दिव्यापुढे बटर पेपर धरला की अंगावरची चकाकी जाते. जुना पिवळा बल्ब वापरू नका; त्याच्या उष्णतेने लहान अळी सुकते. खाली पांढराशुभ्र कागदही नको, कारण कॅमेरा सगळं चित्र काळवंडवतो. खाकी पुठ्ठा उत्तम. बैठकीच्या अॅपमध्ये सोय असेल तर फोनच्या पडद्यावर कीटकावर बोट दाबून धरा, म्हणजे फोकस आणि उजेड तिथेच कुलूपबंद होतात. नाहीतर चित्र अधूनमधून धूसर होतं. आणि हात सावकाश हलवा. इंटरनेटवरून जाताना भरभर हालचालीचा लगदा होतो.

रातकिडा ऐकवायचा असेल तर एक सेटिंग आधी बदला. बैठकीची अॅप्स सतत येणारा आवाज गोंगाट समजून पुसून टाकतात, आणि रातकिड्याची किरकिर नेमकी त्यातच मोडते. झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड’ चालू करा, मीटमध्ये ‘नॉइज कॅन्सलेशन’ बंद करा. मग मुलांना सांगा की हा आवाज तोंडातून येत नाही, नर पुढचे पंख एकमेकांवर घासून तो काढतो.

घरी काय हवं

बुधवारीच पालकांना निरोप पाठवा. शनिवारी रात्री पाठवलेली यादी कोणी वाचत नाही. हवं ते एवढंच: ५ किंवा १० पटीचं भिंग, मिलिमीटरची पट्टी, कोरी वही, काळा स्केचपेन, एक लिटरचा पारदर्शक रुंद तोंडाचा डबा, झाकणाऐवजी मलमलचा तुकडा आणि रबर, तळाला टिश्यू पेपर. स्केचपेन मुद्दाम, कारण पेन्सिलची रेघ कॅमेऱ्यात दिसत नाही आणि मुलाने मन लावून काढलेलं चित्र कोणालाच बघता येत नाही.

अंडं शोधायला सकाळची वेळ घ्या. कोवळ्या पानांच्या दोन्ही बाजू बघा. राजगिऱ्याच्या दाण्याएवढं, फिकट पिवळं, गोल आणि एकटंच असतं. पुंजका दिसला तर ते दुसऱ्या कोणाचं तरी आहे. पान तोडू नका, बोटभर फांदी कापा. फांदी पाण्याच्या छोट्या बाटलीत ठेवा आणि बाटलीचं तोंड कापसाने गच्च बंद करा. हा कापूस विसरला की अळी देठावरून उतरते आणि पाण्यात बुडते. दर घरी दोनच अळ्या. शेवटच्या अवस्थेत त्यांची भूक इतकी वाढते की दोन फुटी कुंडीतलं झाड याहून जास्त अळ्या पोसू शकत नाही.

ज्यांच्याकडे झाड नाही त्या मुलांना मागे ठेवू नका. जुन्या तांदळात किंवा गव्हात सापडणारा सोंडकिडा त्यांना द्या. जेमतेम ३ मिमीचा, पण भिंगाखाली त्याची सोंड स्पष्ट दिसते आणि धक्का लागला की मेल्याचं सोंग घेतो. सोंग किती सेकंद टिकतं, हे घड्याळ लावून मोजायला मुलांना फार आवडतं. परदेशातल्या मुलांनी त्यांच्या भागातलंच झाड बघावं: उत्तर अमेरिकेत मिल्कवीडवर मोनार्क, इंग्लंडमध्ये कोबीवर पांढऱ्या फुलपाखराच्या अळ्या. अंडी किंवा कोष कुरिअरने कुठेही पाठवू नका.

पाच रविवार

पहिल्या सत्रात अंडं आणि ‘कीटक म्हणजे काय’. व्याख्या आधी सांगू नका. मुंगळा आणि कोळी शेजारी शेजारी दाखवा आणि विचारा, ‘पाय किती? बोटं दाखवा.’ बोटांची युक्ती फार कामाची आहे. सगळ्यांची उत्तरं एकदम दिसतात आणि बुजरी मुलंही भाग घेतात. माइक चालू करून बोलायला सांगितलं तर तीच तीन मुलं बोलत राहतात. प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत आकडे मोजा, आवाज पोचायला आणि बोटं मोजायला तेवढा वेळ लागतो. सहा पाय, शरीराचे डोकं-वक्ष-उदर असे तीन भाग आणि दोन मिशा, हे मुलांकडूनच येऊ द्या. मुंगळा पळत राहतो म्हणून सत्राच्या २० मिनिटं आधी पुठ्ठ्यावर गुळाच्या पाण्याचा एक थेंब ठेवा. पिताना तो स्थिर उभा राहतो.

दुसऱ्या सत्रात अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, तपकिरी अंगावर पांढरे डाग. ती तशी का, हे सांगू नका, मुलांना ती पानावर शोधायला लावा. शोधायला किती वेळ लागला, त्यातच उत्तर आहे. या आठवड्याची नोंद अशी: रोज लांबी मिलिमीटरमध्ये, खाल्लेल्या पर्णिका (पानातली छोटी छोटी पानं) किती, लेंड्या किती. कढीपत्त्याच्या एका पानाला अनेक पर्णिका असतात, त्यामुळे आज शिल्लक किती ते मोजणं लहान मुलालाही जमतं. अळी एखादा दिवस हलली नाही तर ती कात टाकते आहे. तिला ढोसू नका. घाबरलेल्या पालकांचे सर्वाधिक फोन याच दिवशी येतात, म्हणून हे आधीच सांगून ठेवा.

तिसरं सत्र सगळ्यात रंगतं आणि ते घाईने उरकू नये. अळी आता हिरवी झालेली असते, साधारण ४ सेंमी. मुलांना विचारा, डोळे कुठे आहेत? सगळी मुलं पाठीवरच्या डोळ्यांसारख्या ठिपक्यांकडे बोट दाखवतात. मग बटाटा फिरवा आणि खाली दडलेलं खरं छोटं डोकं दाखवा. पाय मोजायला लावा: पुढे तीन जोड्या टोकदार, त्या खऱ्या; मागे पाच जोड्या गुबगुबीत, ते खोटे पाय, फुलपाखरात नाहीसे होणारे. इथे ‘सहाच पाय असतात ना?’ असा वाद होईल, तो होऊ द्या. शेवटी मऊ ब्रशने डोक्यामागे एकदाच हलकं टोचा. दोन फाट्यांचं नारिंगी-लाल शिंग बाहेर येतं. त्याचा उग्र वास पडद्यातून जात नाही, म्हणून ज्या घरी अळी आहे त्या मुलाला वासाचं वर्णन करायला सांगा. पुन्हा पुन्हा टोचू देऊ नका. शिंग काढायला अळीची शक्ती खर्च होते.

त्यानंतर एके दिवशी अळी पातळ, ओली विष्ठा टाकते आणि डबाभर भटकू लागते. ती आजारी नाही, कोषाची जागा शोधते आहे. डब्यात एक खरखरीत, तिरकी काडी हवीच. गुळगुळीत प्लास्टिकवर बाहेर आलेल्या फुलपाखराला वर चढता येत नाही, पंख लोंबकळून पसरायला जागा मिळत नाही आणि ते कायमचे चुरगळतात. चौथ्या सत्रात कोष दाखवा: कमरेभोवतीचा रेशमी दोरा, हिरवा की तपकिरी रंग, आणि फुलपाखरू कोणतं निघेल यावर सगळ्यांचे अंदाज. बाहेर आलेल्या फुलपाखराच्या मागच्या पंखाला शेपटी असेल तर बहुधा कॉमन मॉर्मन, नसेल तर लाइम. अंदाज वहीत तारखेसह लिहायचे, नंतर खोडायचे नाहीत. २०१५ साली महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ठरलेली राणी पाकोळी, म्हणजे ब्लू मॉर्मन, याच कुळातली. तिची ओळख करून द्यायला हीच वेळ योग्य.

काय बिघडतं

अळी हिरवं पाणी ओकून मेली तर पाला बाजारातला आहे का ते विचारा. फवारणीचा अंश धुऊन पूर्ण जात नाही. न फवारलेल्या झाडाचाच पाला हवा. डब्याच्या भिंतीवर दव साचलं असेल तर पाला ओला गेला होता. त्याने बुरशी धरते. पाला धुतला तर फडक्याने कोरडा करा, टिश्यू रोज बदला आणि डबा उन्हात ठेवू नका. अळीला वेगळं पाणी लागत नाही.

कधी कोषाला बारीक गोल भोक पडतं आणि आतून फुलपाखराऐवजी चिमुकल्या गांधीलमाश्या किंवा माश्या निघतात. त्यांनी अळीच्या किंवा कोषाच्या अंगात अंडी घातलेली असतात. अंड्यापासूनच फांदी घरात आणली तर हा धोका कमी होतो. पण घडलंच तर लपवू नका. पुढच्या सत्रात ते भोक कॅमेऱ्याखाली घ्या. मूल रडलं तर रडू द्या, आणि मग दाखवा की शेतातल्या अळ्या आटोक्यात राहतात त्या याच पाहुण्यांमुळे.

केसाळ सुरवंटांना कोणीही हात लावायचा नाही, केस कातडीत मोडतात आणि आग होते. रुईवर प्लेन टायगर फुलपाखराच्या सुंदर पट्टेदार अळ्या असतात, पण रुईचा चीक डोळ्यात गेला तर इजा होते. ती फक्त मोठ्यांनी तोडावी. कीटक शोधायला वीट उचलताना पलीकडची कड वर घ्यायची, म्हणजे विंचू निघालाच तर वीट मध्ये राहते. फुलपाखरांच्या काही जातींना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, तेव्हा अभयारण्यातून काहीही आणायचं नाही. आणि ऑनलाइन बाजूला: वेटिंग रूम चालू, नावाच्या जागी फक्त पहिलं नाव, मुलांचं रेकॉर्डिंग नाही, दर घरी एक मोठं माणूस खोलीत. निरीक्षणं आयनॅचरलिस्टवर (निसर्गातल्या नोंदी टाकायच्या संकेतस्थळावर) टाकायची तर पालकांच्या खात्यावरून आणि घराचं ठिकाण धूसर करून.

पाचवं सत्र ठरलेल्या वेळी नसतं

बाहेर येण्याच्या आदल्या दिवशी कोष गडद होतो आणि आतल्या पंखांची नक्षी दिसू लागते. हे दिसताच ज्याच्या घरी कोष आहे त्याने गटावर कळवायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहापासून फोन चार्जरला लावून कोषासमोर ठेवा आणि बैठक उघडी ठेवा; फुकट खात्यावर वेळ संपून ती बंद पडली की पुन्हा सुरू करा. ज्याला जमेल तो येईल. कोष उकलून बाहेर यायला फार थोडा वेळ लागतो. डोळा चुकला तर गेलं. म्हणून दुसऱ्या फोनवर चित्रणही चालू हवं. चौकटीत मुलं नसतील तर त्याला हरकत नाही. बाहेर आल्यावर तांबूस द्रव पडतो. ते रक्त नाही, कोषातला टाकाऊ भाग आहे. पंख अर्ध्या तासात पसरतात, पण कडक व्हायला काही तास लागतात. तोवर पंखांना हात नाही. दुपार होण्याआधी, ऊन असताना, ज्या झाडावरून आणलं त्याच्याच जवळ काडीसकट ठेवा. पाऊस असेल किंवा संध्याकाळ झाली असेल तर रात्रभर जाळीत राहू द्या आणि दुसऱ्या दिवशी नऊ-दहा वाजता सोडा.

रिकाम्या कोषाचं टरफल फेकू नका. वहीत त्या महिन्याच्या शेवटच्या पानावर पातळ डिंकाने चिकटवा, बाजूला अंडं सापडल्याची आणि फुलपाखरू उडाल्याची अशा दोन्ही तारखा लिहा, आणि कढीपत्त्याचे नवे धुमारे पंधरा दिवस तरी छाटू नका.