सांधे दुखतात? सीट बदलण्याआधी गाडीची सेटिंग करून घ्या

मोटरसायकल चालवून गुडघा किंवा मनगट कुरकुरायला लागलं की बहुतेकजण पहिला खर्च सीटवर करतात. माझं म्हणणं, आधी पाना हातात घ्या, पैशाचं नंतर बघू. सांध्यावर सूज असेल किंवा बोटांना मुंग्या येत असतील, तर मात्र आधी डॉक्टर.

सुरुवात क्लचपासून करा. कोल्हापूरच्या महाद्वार रोडच्या गर्दीत डाव्या हाताला उसंतच मिळत नाही, आणि जड क्लच अंगठ्याचा सांधा व मनगट दोन्ही पिळून काढतो. जडपणाचं कारण बऱ्याचदा सुकलेली केबल असते. ती लिव्हरकडून सोडवून वरच्या तोंडातून पातळ तेल आत उतरू द्या. धागे तुटलेले दिसले तर सरळ नवीन केबल टाका, महाग नसते. मग लिव्हरच्या टोकाला फ्री प्ले, म्हणजे क्लच ओढला जाण्याआधीची सैल हालचाल बघा. बहुतेक गाड्यांना तो साधारण 10 ते 15 मिमी लागतो, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. कमी ठेवला तर क्लच घसरतो. जास्त ठेवला तर पूर्ण सुटत नाही, गिअर अडकतो आणि पायालाही जोर लावावा लागतो.

आता लिव्हरचा कोन. नेहमीसारखे बसा, मुठी धरा आणि बोटं लिव्हरवर सरळ ठेवा. कोपरापासून बोटांपर्यंत एक रेषा यायला हवी. मनगट वर मोडत असेल तर लिव्हरचा बोल्ट थोडा सैल करून ती खाली फिरवा. हे काम पाच मिनिटांचं आणि फुकटातलं, पण सगळ्यात जास्त आराम यातच मिळतो. पुढे डिस्क ब्रेक असेल तर उजवी लिव्हर बेताने फिरवा, ऑइलची डबी फार कलायला नको.

बोटं आखडत असतील तर जाड फोमची ग्रिप लावा, बारीक मूठ जास्त आवळावी लागते. उजवी ग्रिप कुठे घासू देऊ नका. सोडल्यावर थ्रॉटल आपोआप मागे आलाच पाहिजे.

पुढे झुकून मनगटावर भार येत असेल तर हॅण्डल उंच करता येतं. उद्यमनगरच्या कारखान्यांत लेथवर स्पेसर, म्हणजे हॅण्डलखाली घालायचा तुकडा, कुणीही काढून देईल, तरी मी तयार रायझर (याच कामासाठी बनवलेला तुकडा) आणि त्याचेच लांब बोल्ट घ्यायला सांगेन. बसवल्यावर गाडी स्टँडवर चालू ठेवून हॅण्डल दोन्ही बाजूंना टोकापर्यंत फिरवा. इंजिनाचा आवाज वाढला तर केबल ताणली जातेय, तसं रस्त्यावर जाऊ नका.

गुडघ्यासाठी सीटचा फोम वाढवला तर पाय कमी दुमडतो. पण सिग्नलला पाय टेकतोय का, ते आधी बघा. किक टाळायची तर बॅटरी धड ठेवा, म्हणजे गाडी बटणावर चालू होईल. मेन स्टँडऐवजी साइड स्टँड वापरा.

कंबरेला हादरे बसत असतील तर टायरमधली हवा तपासा. पंपावर हवा बऱ्याचदा गरजेपेक्षा जास्त भरली जाते. एकटेच फिरत असाल तर मागचे शॉकअप मऊ खाचेवर आणा, दोन्ही बाजूंना सारखे.

एका वेळी एकच बदल करा, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही. चाचणीला पन्हाळ्याचा रस्ता उत्तम: सरळ रस्ता, चढ, वळणं सगळं मिळतं. खाली उतरल्यावर हात लावलेला प्रत्येक बोल्ट पुन्हा आवळून बघा.