कोंबडी अंडी देत नसेल तर आधी ती हातात घ्या

पुण्यात धायरीत आमच्या घरामागच्या परसात खुराडं आहे. त्यामुळे सिंहगड रोड परिसरात कुणी हौसेनं कोंबड्या पाळल्या की फोन माझ्याकडे येतो. प्रश्न बहुतेक एकच, “काकू, काय घालू म्हणजे अंडी देतील?” मी सांगते, आज काहीच वेगळं घालू नका, आधी कोंबडी हातात घ्या. अंडी थांबायची कारणं सात-आठ आहेत आणि प्रत्येकाचा इलाज निराळा. एकीचा इलाज दुसरीवर केला की बिचारीचे हाल होतात.

दिवस मावळल्यावर ती दांडीवर बसली की अलगद उचला. तुरा बघा. अंड्यावर असलेल्या, म्हणजे अंडी देत असलेल्या कोंबडीचा तुरा लालभडक, मऊ आणि उबदार लागतो. थांबलेलीचा फिकट, आक्रसलेला. मग शेपटीखाली हात लावा. तिथं दोन बाजूंना दोन टोकदार हाडं लागतात. त्यांच्यामध्ये दोन-तीन बोटं सहज मावली आणि अंड्याची वाट रुंद, ओलसर दिसली तर ती अंडी देते आहे, तुम्हाला मिळत नाहीत एवढंच. जेमतेम एक बोट मावलं आणि वाट लहान, कोरडी असली तर खरोखर थांबली आहे किंवा अजून सुरूच झालेली नाही.

सुरूच झालेली नसेल तर वय मोजा. लेअर, म्हणजे खास अंड्यांसाठीच्या जातीची तलंग (अजून अंडी न दिलेली तरुण कोंबडी) साधारण पाच महिन्यांत अंड्यावर येते. गिरिराज, वनराज या सुधारित जातींना सहा महिने लागतात. गावरान सहा-सात महिनेही घेते, थंडीत आणखी थोडं जास्त. तलंग जवळ गेल्यावर पंख किंचित पसरून खाली बसायला लागली की आठवडा-दोन आठवड्यांत अंडं येतं. तोवर तिला अंड्यावरच्या कोंबडीचं खाद्य घालू नका. त्यात कॅल्शियम फार असतं आणि वाढत्या पिल्लाच्या मूत्रपिंडांना ते सोसत नाही. एक गोष्ट मन घट्ट करून सांगावी लागते. रस्त्यावर टोपलीत विकतात ती गुलाबी-हिरवी रंगवलेली पिल्लं बहुतेक लेअर जातीचे नर असतात. मुलांच्या हट्टापायी घेतलेली ती पिल्लं मोठी होऊन आरवायला लागतात आणि घरातली माणसं अंड्याची वाट बघत बसतात. तुमच्या कोंबडीच्या मानेवरची पिसं लांब, टोकदार आणि चकचकीत असतील तर हा लेख तिच्यासाठी नाही. आणि हो, अंडी मिळायला कोंबडा लागत नाही, तो फक्त पिल्लांसाठी लागतो.

हाडं रुंद लागली आणि तरी अंडं नाही, तर शोधा. मोकळी फिरणारी कोंबडी पाण्याच्या टाकीमागे, गवती चहाच्या बुंध्यात, झाकून ठेवलेल्या जुन्या स्कूटरखाली अंडी घालते. बऱ्याच कोंबड्या सकाळीच अंडं देतात, म्हणून आठवडाभर अकरा-बारा वाजेपर्यंत खुराड्यातच ठेवा. चार-पाच कोंबड्यांना एक खोकं पुरतं, फूटभर लांब-रुंद, कोपऱ्यात, अंधारं, आत गवत किंवा भाताचं तूस. त्यात एक प्लॅस्टिकचं अंडं ठेवा, तिला जागा कळते. टेकडीच्या कडेला घर असेल तर मुंगूस आणि धामण यांचाही विचार करा. जाळीची भोकं अर्ध्या इंचाची हवीत, जुनी मोठ्या भोकांची जाळी कामाची नाही.

आता खाणं. माझ्या मते शहरातल्या परसातलं सगळ्यात मोठं कारण हेच. उरलेला भात, पोळीचे तुकडे, शिळा ब्रेड, वर मूठभर तांदळाची कणी. कोंबडी आवडीनं खाते, गुबगुबीत दिसते, आणि अंडं मात्र देत नाही. पोटात चरबी साठते आणि प्रोटीन कमी पडतं. एका अंड्याच्या टरफलातच जवळजवळ दोन ग्रॅम कॅल्शियम असतं. ते भातातून येणार नाही. अंड्यावरच्या कोंबडीला सोळा ते अठरा टक्के प्रोटीन आणि साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असलेलं खाद्य लागतं. सगळ्यात सोपं म्हणजे दुकानातलं लेअर मॅश, हे अंड्यावरच्या कोंबडीचं तयार खाद्य, मोठ्या कोंबडीला दिवसाला १०० ते १२० ग्रॅम. गावरान अंगानं लहान, तिला थोडं कमी चालतं.

घरी करायचं असेल तर माझं दहा किलोचं माप असं: मक्याचा भरडा ५ किलो, सोयाबीन पेंड अडीच किलो, गव्हाचा कोंडा सव्वा किलो, शिंपल्याचा चुरा ९०० ग्रॅम, कोंबड्यांचं मिनरल मिक्स्चर ३०० ग्रॅम आणि मीठ ३० ग्रॅम. मीठ मोजूनच घाला, जास्त झालं तर कोंबडी मरते. मका आणि पेंड हातात घेऊन वास घ्या. पावसाळ्यात पुण्याची हवा दमट होते, पोत्यात बुरशी धरते, आणि तिच्या विषानं अंडी हमखास घटतात. बुरसलेलं पोतं उन्हात वाळवून वापरू नका, फेकून द्या. ऊन दाखवल्यानं विष जात नाही. कोथिंबिरीचे देठ, मेथीच्या काड्या, शेवग्याचा पाला रोज द्या. अंड्याची टरफलं भाजून, बारीक चुरून दिली तर उत्तम. अख्खी टाकली तर अंडी फोडून खायची सवय लागू शकते. शिळा भात पूर्ण बंद करा असं मी म्हणत नाही, दुपारी मूठभर चालेल, पण पोटभर खाद्य आधी.

खाद्य बदललं म्हणून चौथ्या दिवशी अंडं येत नाही. अंड्यातला बलक तयार व्हायलाच आठ-दहा दिवस लागतात. तीन आठवडे धीर धरा.

पाण्याकडे लोक फार कमी लक्ष देतात. अंड्याचा तीन-चतुर्थांश भाग पाणी असतो. सकाळी दोन-तीन तास भांडं कोरडं राहिलं तरी अंडी कमी होतात. एप्रिल-मेमध्ये पुण्यात पारा चाळीशीला टेकतो तेव्हा कोंबडी चोच उघडून धापा टाकते, खाणं सोडते आणि टरफलं पातळ येतात. त्या दिवसांत मातीच्या परळात सावलीत पाणी ठेवा, दुपारी बदला. खाद्य सकाळी लवकर आणि उन्हं उतरल्यावर द्या. पत्र्यावर ओलं गोणपाट टाका.

थंडीत कारण उलटं, उजेडाचं. अंडी चांगली मिळायला कोंबडीला रोज चौदा ते सोळा तास उजेड लागतो. पुण्यात डिसेंबरच्या अखेरीला दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो, जूनमध्येही तेरा तासांच्या थोडाच वर जातो. गावरान कोंबड्या यातूनही थोडीफार अंडी देतात, लेअरना मात्र फरक जाणवतो. खुराड्यात एक साधा पिवळ्या उजेडाचा एलईडी बल्ब लावा, आणि तो पहाटे लावा. रात्री लावून एकदम बंद केला की त्या अंधारात गोंधळतात, दांडीवर चढता येत नाही. दर आठवड्याला अर्धा तास वाढवा. पाच महिन्यांच्या आतल्या तलंगांना हा उजेड देऊ नका. शरीर तयार नसताना अंडं आलं तर आतला भाग बाहेर येऊ शकतो.

कोंबडी दिवसभर खोक्यात पसरून बसते, हात घातला की पिसं फुलवून कुरकुरते, पोटाखालची पिसं उपटलेली दिसतात, तर ती खुडूक आहे, म्हणजे अंडी उबवायला बसली आहे. गावरान बारा-पंधरा अंडी देऊन खुडूक होतेच, तिच्या रक्तातच ते आहे. पिल्लं हवी असतील तर फळलेली अंडी ठेवून एकवीस दिवस बसू द्या. नको असतील तर जाळीच्या तळाचा पिंजरा विटांवर उचलून ठेवा, आत गवत नको, खाद्य-पाणी समोर, जागा उजेडाची. खालून वारा लागला की पोट थंड पडतं आणि तीन-चार दिवसांत ती उठते, मग दोन-तीन आठवड्यांत अंड्यावर येते. आमच्याकडे वेल्ह्याला बादलीत बुडवून काढायचे. ते करू नका. कोंबडी घाबरते, थंडीत आजारी पडते, आणि काम पिंजऱ्यानंच चांगलं होतं.

पिसं झडत असतील, मान उघडी पडली असेल, नव्या पिसांचे काटे दिसत असतील तर तिला अजिबात छेडू नका. पिसं प्रोटीनचीच बनतात, ती येईपर्यंत अंडं बंद. दोन-तीन महिने लागतात. प्रोटीन वाढवा, थोडी कमी खारवलेली सुकट धुवून, वाळवून द्या. नवीन पिसांत आलेली कोंबडी पुढं चांगली आणि मोठी अंडी देते.

भीतीनंही अंडी थांबतात. गणपतीच्या आधी ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू झाला की नदीकाठच्या घरांतून मला फोन येतात, दिवाळीत फटाक्यांनंतर पुन्हा. त्या दिवसांत कोंबड्यांना संध्याकाळी लवकर आत कोंडून घ्या, खुराड्याला बाजूनं गोणपाट लावा, वर हवा राहू द्या. कुत्रं रोज जाळीशी येऊन भुंकत असेल तर तेही कारण धरा. नवीन विकत आणलेली कोंबडीसुद्धा जागा बदलल्यावर दोन-चार आठवडे थांबते.

रात्री टॉर्च घेऊन दांडीच्या फटी बघा. लाल-करडे बारीक किडे दिसले तर ते रात्री रक्त पितात. तुरा पांढरा पडायला तेवढं पुरतं. खुराडं रिकामं करून धुवा, फटी बुजवा, आणि कोरडी माती व लाकडाची राख मिसळून लोळायला पाटी ठेवा. जंताचं औषध मात्र वजन सांगून पशुवैद्यकाकडूनच घ्या आणि नंतर किती दिवस अंडी खायची नाहीत हे विचारून घ्या.

मान वाकडी होणं, हिरवट हगवण, घरघर आणि सगळ्यांची अंडी एकदम बंद, हे दिसलं तर रानीखेत या विषाणूच्या रोगाची शंका धरा आणि त्याच दिवशी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. त्यावर औषध नाही, लसच आहे, ती आधी द्यावी लागते. एखादी अचानक मेली तर उघड्या हातानं फाडून बघू नका. औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे, तिथं तपासणी कशी करायची हे डॉक्टरच सांगतील.

सुरू झाल्यावर पहिली काही अंडी लहान येतात, एखादं मऊ टरफलाचं, एखाद्यावर रक्ताचा ठिपका. तलंगांत हे चालतं, महिन्याभरात नीट होतं. मऊ टरफल त्यापुढेही येत राहिलं तर शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत भरून ठेवा, ज्या कोंबडीला लागेल तेवढा ती स्वतः खाते.