छत्तीस जिल्ह्यांचा तक्ता खरवडण्याआधी

मराठी विकिपीडियावरून महाराष्ट्राच्या जिल्ह्यांचा तक्ता पायथन स्क्रिप्टने उचलायचाय? मग पायथन नंतर, आधी ब्राउझर. पानाचा सोर्स, म्हणजे त्यामागचं एचटीएमएल, उघडून त्यात ‘गडचिरोली’ शोधा. सापडलं तर ब्यूटिफुल सूप (एचटीएमएलमधून हवं ते वेचणारी पायथन लायब्ररी) पुरे. इतर साइटींवर कधी कधी सापडत नाही, कारण मजकूर मागाहून जावास्क्रिप्ट भरते. तिथे ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधल्या नेटवर्क टॅबमध्ये जेसन (नीट रचलेला डेटा) येतंय का बघा. मिळालं तर एचटीएमएल चिवडायलाच नको.

साइटची रोबोट्स फाइल वाचून घ्या, स्क्रिप्टने काय आणावं नि काय नाही ते त्यात असतं. यूजर-एजंटमध्ये, म्हणजे पान मागताना सर्व्हरला दिलेल्या ओळखीत, स्क्रिप्टचं नाव आणि तुमचा संपर्क टाका, विकिमीडियाची तशी अटच आहे. इन्स्टॉल करायचं ‘ब्यूटिफुलसूप४’, इम्पोर्ट करायचं ‘बीएस४’. इन्स्टॉल करताना ४ गाळलात तर जुनी आवृत्ती गळ्यात पडते आणि ती पायथन ३ वर चालत नाही. पान आणणाऱ्या रिक्वेस्ट्स लायब्ररीला टाइमआउट (थांबायची मर्यादा) द्या; न दिल्यास ती बिचारी वाट बघत बसते.

आता खरं महत्त्वाचं. पान एकदाच आणा आणि फाइलीत ठेवा, तेही रिक्वेस्ट्सच्या उत्तरातलं ‘टेक्स्ट’ नव्हे, ‘कंटेंट’, म्हणजे कच्चे बाइट्स. सिलेक्टर (पानातल्या हव्या त्या भागाचा पत्ता) पहिल्या फटक्यात कुणाचाच बरोबर येत नाही. दहादा चुकाल, तर दहाही वेळा आपल्याच डिस्कवरच्या फाइलीवर चुका, त्यांच्या सर्व्हरला कशाला त्रास? बाइट्सचा दुसरा फायदा असा, की सर्व्हरने एन्कोडिंग (बाइट्सची अक्षरं कशी करायची ते) सांगितलं नसेल तर ‘टेक्स्ट’मध्ये देवनागरीचा चिखल होऊ शकतो. बाइट्स दिले की सूप पानातला मेटा टॅग बघून एन्कोडिंग ठरवतं.

ब्राउझरमधून कॉपी केलेल्या सिलेक्टरवर विसंबू नका. मूळ पानात नसलेला ‘टीबॉडी’ हा तक्त्याचा टॅग ब्राउझर स्वतःच घालतो. सूपसाठी एचटीएमएल वाचणारा एलएक्सएमएल पार्सर तो घालत नाही, मग सूपचं ‘सिलेक्ट’ रिकामी यादी देतं आणि आपण तासभर डोकं खाजवतो.

आकडे काढण्याआधी संदर्भांचे ‘सुप’ टॅग (वर चढवलेले छोटे आकडे) सूपच्या ‘डिकंपोज’ने उडवा, नाहीतर तळटीपेचा क्रमांक लोकसंख्येला चिकटतो. स्वल्पविरामही काढा. देवनागरी अंकांची मात्र काळजी नको, पायथनचा ‘इंट’ ‘३६’ सरळ वाचतो! सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडणार असाल तर एन्कोडिंग ‘यूटीएफ-८-सिग’ ठेवा, म्हणजे देवनागरी नीट दिसेल.

मग ओळी मोजा. ३६ हव्यात. ३७ आल्या तर बहुधा शीर्षकाची ओळ आत घुसली. ३५ आल्या तर आधी पालघर शोधा. तो जिल्हा २०१४ मध्ये झाला, तक्ता त्याआधीचा असू शकतो.