पीएलए रंगवताना पॉलिएस्टरची सवय नडते: या चुका टाळा

मक्याच्या स्टार्चपासून बनणारा पीएलए, म्हणजे पॉलिलॅक्टिक अ‍ॅसिडचा धागा, हाताला पॉलिएस्टरसारखाच लागतो आणि रंगही डिस्पर्सचाच (पाण्यात जवळपास न विरघळणारे, बारीक कणांचे रंग) घेतो. त्यामुळे प्रोसेस हाउसमध्ये (कापड रंगवण्याच्या कारखान्यात) तो बिनदिक्कत पॉलिएस्टरच्या रेसिपीवर चढवला जातो. पण पॉलिएस्टर २५५–२६० अंश सेल्सिअसला वितळतं आणि पीएलए १६०–१७० लाच. त्याहून मोठी अडचण पाण्याची आहे. ओलावा आणि उष्णता एकत्र आली की पीएलएच्या रेणूंच्या लांब साखळ्या तुटू लागतात, आणि अल्कली असेल तर आणखी वेगाने. औद्योगिक कंपोस्टमध्ये ६० अंशांच्या आसपास जे व्हायला हवं, तेच जेट मशीनमध्ये, म्हणजे कापड रंगवण्याच्या बंद मशीनमध्ये, नको असताना होतं.

गोडाउनमध्ये ग्रे (न रंगवलेल्या, कोऱ्या) कापडाची सरमिसळ झाल्याचा संशय असेल तर दोनचार धागे काढून २०० अंशांच्या हॉट प्लेटवर ठेवा. पीएलए लगेच वितळतो, पॉलिएस्टर तसंच राहतं. लॉट चढवण्याआधी एवढं करायलाच हवं.

पॉलिएस्टरचा १३० अंशांचा प्रोग्रॅम

पीएलएला ११० अंश आणि ३० मिनिटं पुरतात, गडद शेडला फार तर ११५. त्यापुढे रंगात जे मिळेल ते ताकदीतून वजा होईल. बाथ (रंगाचं पाणी) ५० ला सुरू करून मिनिटाला १ ते १.५ अंशाने चढवा. उतरवतानाही घाई नको. साधारण ६० च्या वर हा धागा मऊ पडतो. ८० लाच ड्रेन करून गार पाणी सोडलं, तर त्या क्षणी दोरीसारख्या गुंडाळलेल्या कापडात असलेल्या घड्या पक्क्या बसतात आणि पुढे स्टेंटरवरही (कापड ताणून गरम हवेत सेट करणाऱ्या मशीनवर) निघत नाहीत. म्हणून ५० पर्यंत सावकाश उतरवा, मगच ड्रेन.

पीएच एकदाच मोजणं

सर्वांत जास्त लॉट इथे जातात, आणि दोष मात्र रंगाला दिला जातो. सुरुवातीला अ‍ॅसिटिक टाकून पीएच ५ केला, कागदावर नोंद झाली, विषय संपला. पण बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असतं. तापमान चढतं तसं ते फुटतं, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि पीएच वर सरकतो. ११० ला बाथ नेमका कुठे आहे हे कुणी पाहत नाही, आणि नुकसान तिथेच होतं. नुसत्या अ‍ॅसिटिकवर न थांबता जोडीला सोडियम अ‍ॅसिटेट घालून बफर करा, म्हणजे पीएच स्थिर धरा, मऊ पाणी वापरा, आणि ड्रेन करण्याआधी बाथचा नमुना गार करून पीएच पुन्हा मोजा. शेवटचा आकडा ६ च्या वर गेला असेल तर पुढच्या लॉटला बफर वाढवा. उलट्या बाजूचा अतिरेकही नको. पीएच ३ पर्यंत उतरवूनही धागा कमजोर होतो.

कॉस्टिकने क्लिअरिंग

क्लिअरिंगला, म्हणजे धाग्यावर वरवर राहिलेला जादा रंग काढायला, पॉलिएस्टरला ८० अंशांवर कॉस्टिक सोडा आणि हायड्रोस (सोडियम हायड्रोसल्फाइट) चालतं. पीएलएला कॉस्टिक अजिबात नको. लिटरला २ ग्रॅम सोडा अ‍ॅश आणि २ ग्रॅम हायड्रोस, ६० अंश, १५ मिनिटं. १०० किलो कापड आणि १:१० लिकर (किलोला १० लिटर पाणी) धरला तर १००० लिटर बाथला दोन्ही २-२ किलो. नंतर गरम धुलाई, मग अ‍ॅसिटिकने न्यूट्रल. रंगाईआधीचं स्कोअरिंगही (तेल-मळ काढणारी धुलाई) ६० अंशांवर, सोडा अ‍ॅश आणि डिटर्जंट घालून करा, उकळी नको.

पॉलिएस्टरचं शेडकार्ड

तोच रंग पीएलएवर जास्त उजळ दिसतो आणि छटाही सरकते: लाल थोडा पिवळसर, निळा थोडा लालसर. शिवाय जड, हाय एनर्जी (चढायला जास्त तापमान लागणारे) डिस्पर्स रंग ११० ला नीट चढत नाहीत. मध्यम एनर्जीचे रंग निवडा आणि लॅब डिप (छोट्या तुकड्यावरचा रंगाचा नमुना) पीएलएवरच काढा. शेड चुकली म्हणून अ‍ॅडिशन (जादा रंग) देत दुसऱ्यांदा ११० ला नेणं हा शेवटचा उपाय, कारण प्रत्येक फेरीत ताकद उतरते. न्यायचंच असेल तर आधी फाडताकद तपासा, मग ठरवा.

स्टेंटर

हीट सेटिंग १३० अंशांवर ३० ते ४५ सेकंद, आणि शक्यतो रंगाईआधी. रंगाईनंतर जास्त तापवलं तर डिस्पर्स रंग धाग्याच्या पृष्ठभागावर येतो, धुलाईचा पक्केपणा घसरतो आणि क्लिअरिंगची मेहनत वाया जाते. १८५ वर पॉलिएस्टर चालवून लगेच पीएलए घेऊ नका. पॅनेलवर १३० दिसलं तरी चेंबर आणि पिना तापलेल्याच असतात. काठ चिकटतात, कापड पत्र्यासारखं कडक होतं. आधी पॉलिएस्टरचं लीडर कापड (मालाआधी मशीनमधून नेण्याचं साधं कापड) चालवून मशीन थंड होऊ द्या.

सुती मिश्रण

कॉस्टिक घातलेलं ९५ अंशांचं पेरॉक्साइड ब्लीच पीएलए खाऊन टाकतं. शक्य असेल तर सूत ब्लीच करूनच मिश्रणात घ्या. क्रम असा: आधी डिस्पर्स, मग क्लिअरिंग, शेवटी सुतासाठीचा रिअ‍ॅक्टिव्ह रंग. उलटं केलं तर हायड्रोस रिअ‍ॅक्टिव्ह रंग मारतं. रिअ‍ॅक्टिव्ह ६० अंशांवर बसणारेच घ्या, ८० वाले नकोत.

माल पाठवताना लेबलवर इस्त्रीचं एक ठिपक्याचं चिन्ह छापा, म्हणजे जास्तीत जास्त ११० अंश. पॉलिएस्टरच्या लेबलवरचे दोन ठिपके तसेच उचलले, तर गिऱ्हाइकाच्या इस्त्रीखाली कापड चकाकतं किंवा आकसतं, आणि तक्रार रंगाईवाल्याकडे येते.